ही सुरी कुणाची, कशासाठीची? जुन्या, अनोळखी सुऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात जुनी सुरी सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पावसाळ्यात गढीचा बुरूज ढासळतो आणि पांढऱ्या मातीतून गंजलेलं पातं डोकावतं. माळवद उतरवून स्लॅब टाकायचं ठरतं आणि तुळईच्या खोबणीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी निघतं. कधी बळदाच्या तळाशी, कधी आज्जीच्या ट्रंकेत. भोकरदनपासून देगलूरपर्यंतची माणसं अशा सुऱ्या माझ्याकडे घेऊन येतात किंवा फोटो पाठवतात. वस्तू वेगवेगळ्या असतात, प्रश्न मात्र बरेचसे तेच. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

सुरी हाती आली. सगळ्यात आधी काय करू?

घासू नका. धार लावून बघू नका. मूठ सैल वाटली तरी हलवून काढू नका.

मी विशीत असताना आत्याच्या वाड्यातली एक सुरी चिंच आणि राखेनं घासून लख्ख केली होती. पात्याच्या सुरुवातीला, मुठीच्या अगदी खाली, काहीतरी खरखरीत लागत होतं. मला तो मळ वाटला. ती कोफ्तगिरी होती. लोखंडावर बारीक रेघा पाडून खरखरीत करायचं आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवायची, असं ते काम. तिच्याखाली गंज शिरल्यानं ती आधीच सुटत आली होती. अर्धी वेल राखेबरोबर मोरीत गेली. उरलेली अर्धी बघितली की अजूनही वाईट वाटतं. ती सुरी कुठल्या घडणीची हे त्या वेलीवरून सांगता आलं असतं.

मळ, तेलाचा थर, शेंदूर, मुठीतून डोकावणारी काळी लाख, दगडावर धार लावल्याचे ओरखडे हे सगळं त्या वस्तूचं बोलणं आहे. ज्या फडक्यात ती गुंडाळली होती तेही जपा. शेजारी काय सापडलं ते लिहून ठेवा. दौत, नाल, वजनं, देवाचे टाक, काहीही असो. अनेकदा उत्तर सुरीत नसतं, शेजारच्या वस्तूत असतं.

फोटो पाठवायचे तर कसे काढू?

सावलीत, फ्लॅशशिवाय, शेजारी पट्टी ठेवून. दोन्ही बाजू, पाठीचा फोटो वरून, टोकाचा जवळून, मूठ आणि पातं जिथं जुळतात त्या जागेचा आणखी जवळून. वजन किराणा दुकानातल्या काट्यावर करा. पातं सकाळच्या तिरक्या उन्हात धरलंत तर पुसट अक्षरं उठून दिसतात. पाठीचा फोटो लोक हमखास विसरतात, आणि मला सगळ्यात आधी तोच हवा असतो.

हत्यार आहे की अवजार, हे कसं ओळखायचं?

सगळे प्रश्न शेवटी इथंच येतात. लोकांना हत्यार हवं असतं. "विळ्याचाच प्रकार दिसतो" म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. मला स्वतःला अवजार जास्त आवडतं. हत्यार वर्षानुवर्षं म्यानात पडून राहिलेलं असू शकतं, अवजारानं मात्र तीन-चार पिढ्यांचं पोट भरलेलं असतं, आणि त्याच्या पात्यावर ते वाचता येतं.

आधी धार कुठल्या अंगाला आहे ते बघा. आतल्या बाकाला धार असेल तर ते ओढून कापायचं साधन: विळा, कोयता, फांद्या उतरवायचा आकडा. बाहेरच्या बाकाला धार असेल तर वार करायचं किंवा कातडं सोलायचं. दोन्ही अंगांना धार आणि मध्ये उभा कणा असेल तर भोसकण्यासाठी घडवलेलं पातं, म्हणजे बहुधा हत्यारच. धार एकाच बाजूनं उतरती केलेली आणि दुसरी बाजू सपाट असेल तर कारागिराचं अवजार समजा. चामड्याचं काम करणाऱ्याची रापी तशीच असते, पातं रुंद आणि धार पुढच्या टोकाला.

मग झीज बघा. रोज वापरातली सुरी मधोमध खाल्ली जाते. पन्नास वर्षं सहाणेवर घासून घासून तिचं पोट आत गेलेलं असतं, टोक आणि मुठीजवळचा भाग मात्र मूळच्या रुंदीचा राहतो. लढाईची कट्यार इतक्यांदा पाजवली जात नाही. पाठीवर ठोकल्याच्या चपट्या खुणा असतील तर कुणीतरी ती लाकडावर किंवा हाडावर ठेवून वरून हातोडी मारत होतं.

शेवटी मूठ. जुन्या दख्खनी कट्यारींच्या मुठी आजच्या पंजाला अपुऱ्या वाटतात, त्यामुळे मूठ लहान म्हणून ती मुलाची सुरी ठरत नाही. अवजाराची मूठ हाताला सुखाची असते, हत्याराची हात घट्ट दाबून धरणारी. फोटोत हे कळत नाही. तुम्ही स्वतः, बोट धारेपासून लांब ठेवून, सावकाश धरून बघा आणि मला सांगा की अंगठा आपोआप कुठं जातो.

सुरीचं पातं बोटाएवढं आणि मूठ वीतभर आहे. घरात तिला "विषाची सुरी" म्हणतात. खरंच तशी असते का?

जालन्याकडच्या एका जुन्या कुलकर्णी घराण्याच्या वहिनींनी असाच प्रश्न आणला होता. सासूबाई ती सुरी मुलांना शिवू देत नसत. पातं अरुंद, जेमतेम दोन इंच, टोकाकडे निमुळतं. मूठ हाडाची, लांब, लेखणीसारखी गोल. मी विचारलं, वहिनी, ही सापडली तिथं आणखी काय होतं? म्हणाल्या, पितळेची दौत आणि एक छिद्राछिद्रांची डबी. डबी वाळूची होती, ओली शाई टिपायची. मग शंका उरली नाही. ती कलमतराश होती, बोरू कापायची सुरी.

बोरूची लेखणी आज करून बघितलीत तर कळेल की हे सोपं काम नाही. बोरू कडक आणि गुळगुळीत असतो. आधी तिरपा छेद देऊन पोट काढायचं, मग टोक दोन्हीकडून निमुळतं करायचं, मधोमध चीर द्यायची आणि शेवटी टोक एका फटक्यात तिरकं उडवायचं. हा शेवटचा छेद हस्तिदंताच्या किंवा हाडाच्या पट्टीवर टेकवून घेत. तिथं पातं जरा जरी लवलं तर अक्षराची जाडी बिघडते. म्हणून पातं आखूड आणि कडक. मूठ लांब, कारण जोर मनगटातून नाही, बोटांतून द्यायचा असतो.

त्या सुरीला दुसरंही काम होतं. हाती केलेला कागद खळ लावून, घोटून चकचकीत करत. शाई त्याच्या पृष्ठभागावर बसे, आत मुरत नसे. आकडा चुकला की पात्याच्या टोकानं खरवडायचा, जागा पुन्हा घोटायची आणि वर लिहायचं. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव अशा कागदासाठीच वसलेलं आणि ओळखलेलं. निजामाच्या दफ्तरात आधी फारसी, पुढं उर्दू, आणि गावपातळीवर मोडी. लिपी कुठलीही असो, लिहिणाऱ्या प्रत्येकाजवळ ही सुरी असे. मराठवाड्यात ती इतक्या घरांतून निघते याचं कारण हेच. जहागिरीच्या, देशमुखीच्या, कुलकर्ण्यांच्या वाड्यात तलवार एखादी असेल, कारकून मात्र कायम बसलेले असत.

सुबक घडणीच्या कलमतराशीच्या पात्यावर घडवणाऱ्याचा बारीक ठसा असतो, बहुधा फारसी अक्षरांत. नखाएवढा. तो शोधा.

पात्यावर लांब खोबण आहे. ती विषासाठी किंवा रक्त वाहण्यासाठी असते ना?

नाही. खोबणीमुळे पात्याचं वजन कमी होतं आणि ताठपणा टिकतो. विष ओतून ठेवायची ती जागा नव्हे.

वाकड्या पात्याची कट्यार आहे. मराठ्यांची, मोगलांची की अरबांची?

नुसत्या बाकावरून ठरवू नका, मूठ आणि म्यान बघा.

पातं रुंद, दुधारी, मधोमध ठळक कणा, टोक एकदम वर वळलेलं आणि मूठ डमरूसारखी मध्ये बारीक असेल तर तो जंबिया. निजामाच्या फौजेत आणि त्याच्या सरदारांच्या पदरी हद्रमौतचे, म्हणजे दक्षिण अरबस्तानातले शिपाई मोठ्या संख्येनं होते. त्यांच्या वंशजांना आपल्याकडे चाऊस म्हणतात. नांदेड, परभणी, हिंगोली, संभाजीनगर, कुठंही चाऊस आडनावाची घरं भेटतील, आणि त्यांतल्या काहींत पणजोबांचा जंबिया असतो. काही जंबिये तिकडून आलेले आहेत, काही इथल्याच कारागिरांनी अरब शिपायांसाठी घडवलेले. म्यानावरचं काम हैदराबादी वळणाचं दिसलं तर दुसऱ्या शक्यतेकडे झुका.

पातं अरुंद, दोनदा वळलेलं आणि मूठ म्हणजे बोटं आत घालायची कडी असेल तर बिचवा. नाव विंचवाच्या नांगीवरून आलं आहे. अफजलखानाच्या भेटीत, १० नोव्हेंबर १६५९ ला, शिवाजी महाराजांकडे वाघनखांबरोबर बिचवाही होता, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे सापडलेला प्रत्येक बिचवा लगेच शिवकालीन ठरवला जातो. बिचवे त्यानंतरही दीडदोनशे वर्षं घडत होते.

मूठ आणि पातं एकाच पोलादाचं, मुठीचं वरचं टोक दोन पाकळ्यांसारखं फाकलेलं, पातं नागमोडी आणि कण्याकण्यांचं असेल तर तुमच्या हातात चिलानम आहे, खास दख्खनी कट्यार. ती मिळाली तर जपून ठेवा. बहामनी, आदिलशाही, निजामशाही या सगळ्या काळात ती या भागात वापरात होती. आणि दख्खनची हत्यारं फक्त दख्खनमध्ये राहिली असंही नाही. १६८९ मध्ये आदिलशाहीतला अदोनीचा किल्ला मोगलांच्या हाती पडला तेव्हा त्यांच्या बाजूनं लढणाऱ्या बिकानेरच्या राजाच्या वाट्याला आलेली हत्यारं थेट राजस्थानात गेली. तिथल्या शस्त्रागारातल्या पात्यांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले देवनागरी लेख असतात. असा ठिपक्यांचा लेख तुमच्या वस्तूवर असेल तर तो फोटो आधी पाठवा.

पातं सरळ, निमुळतं, पाठ जाड आणि पात्याचा आडवा छेद इंग्रजी टी अक्षरासारखा असेल तर पेशकब्ज. टोक साखळीच्या चिलखतात घुसावं म्हणून पाठ अशी मजबूत ठेवत. अफगाण आणि रोहिले शिपायांबरोबर ही इकडे पुष्कळ आली.

आमच्या सुरीचं टोक बोटासारखं आत वळलेलं आहे. भोसकता येत नाही, नीट कापताही येत नाही. ही काय असेल?

नालबंदाची असेल. घोड्याचा खूर तासायचा आणि खुराच्या तळाची खाच साफ करायची म्हणून टोक वळवलेलं असतं. जालना, औरंगाबाद आणि हिंगोली इथं निजामाच्या इंग्रजी अंमलदारांच्या हाताखालच्या फौजेच्या छावण्या होत्या, आणि त्या फौजेत घोडदळ मोठं होतं. घोडदळ म्हटलं की नालबंद आला.

त्याच छावण्यांमुळे आणखी एक वस्तू सापडते, जी बघून माणसं हमखास चक्रावतात. पितळेच्या किंवा शिंगाच्या आवरणात दोन-तीन पाती मिटलेली, आणि प्रत्येक पात्याच्या कडेला त्रिकोणी दात. तो घोड्याचं किंवा बैलाचं रक्त काढायचा नस्तर. दात शिरेवर टेकवून पाठीवर लाकडी दांडक्यानं टोला मारत. आजारी जनावराचं दूषित रक्त काढलं की ते बरं होतं, अशी तेव्हाच्या इंग्रजी आणि देशी दोन्ही वैद्यकांत समजूत होती.

देगलूर, बिलोली, किनवट या बाजूनं कधी रुंद, पातळ आणि कमालीच्या धारेचं पातं येतं. ते शिंदी छेवायचं. शिंदीच्या झाडाला रोज कागदाएवढी पातळ चकती काढून नवी जखम करावी लागते, त्याशिवाय रस झरत नाही. म्हणून त्या पात्याची धार वस्तऱ्यासारखी ठेवावी लागे.

आणि बोटभर लोखंडी पट्टी, एका टोकाला छिन्नीसारखी धार? ती न्हाव्याची नराणी, नखं काढायची. तिच्यासाठी कुणी मला परळीहून कुरिअर पाठवू नका, फोटो पुरेल.

कट्यार सुंदर आहे, मखमली म्यान आहे, पण धारच नाही. खोटी आहे का?

खोटी नाही, लग्नातली आहे. नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार देतात ती हीच. अशा कट्यारी मऊ लोखंडाच्या, कधी नुसत्या पत्र्याच्या असतात, मूठ पितळेची. काही घरांत मात्र जुनी खरी कट्यारच पिढ्यानपिढ्या लग्नात वापरली गेली आणि अपघात नको म्हणून तिची धार मुद्दाम मारली. फरक पाठीवरून कळतो. खऱ्या पात्याची जाडी मुठीकडून टोकाकडे हळूहळू उतरत जाते, पत्र्याच्या पात्याची सगळीकडे एकसारखी राहते.

बाळंतिणीच्या उशाशी ठेवलेल्या सुऱ्याही याच गटातल्या. त्यांच्यावर हळदीकुंकवाचे थर सापडतात.

पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. हे काय आहे?

नशीबवान असाल तर जौहर, म्हणजे मुशीत केलेल्या पोलादात आपोआप उमटणारी नक्षी. नांदेडच्या पलीकडे, आताच्या तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम या गावी मुशीत पोलाद करत. लोखंडाचे तुकडे आणि कर्ब पुरवणारी द्रव्यं बंद मुशीत घालून कित्येक तास भट्टीत ठेवायची आणि नंतर अतिशय सावकाश निववायची. ते पोलाद विकत घ्यायला इराणी व्यापारी तिथपर्यंत येत. जवळच्या निर्मळचीही तलवारींसाठी ख्याती होती. या पोलादाची जी ढेप तयार होते तिच्यात कर्बाचं प्रमाण जास्त असतं. ती मंद आचेवर हळूहळू ठोकत नेली की कठीण कणांच्या रांगा तयार होतात आणि पातं घासून त्यावर सौम्य आम्लाचं पाणी फिरवलं की त्या लहरी होऊन दिसतात. पूर्वी हिराकस त्यासाठी वापरत.

हल्ली बाजारात दमास्कस नावाच्या सुऱ्या मिळतात. त्या दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकत्र ठोकून केलेल्या असतात. त्यांची नक्षी मोठी, ठळक आणि बरीचशी नियमित असते. जुनं जौहर बारीक असतं, केसांच्या गुंत्यासारखं, आणि एकाच पात्यावरही सगळीकडे सारखं नसतं. सुताराच्या पॉलिश पेपरनं घासून ते "वर काढायचा" प्रयत्न करू नका, आणि बॅटरीतलं आम्ल तर मुळीच लावू नका. एका गृहस्थांनी लावलं होतं. पातं पांढुरकं झालं, खड्डे पडले आणि काय होतं ते कायमचं गेलं.

इंग्रजी अक्षरं आणि मुकुटाचा छाप आहे. वय काढता येईल का?

येतं, आणि बरंचसं खात्रीनं. शेफील्डचे चाकू हिंदुस्थानात फार मोठ्या प्रमाणावर येत. जोसेफ रॉजर्स या कंपनीचा तारा आणि क्रॉस असा छाप सगळ्यात जास्त दिसतो. मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर असेल तर व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१. ई आणि आर असेल तर १९०१ ते १९१० ची शक्यता मोठी. देशाचं नावही बोलतं. ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यानं परदेशी मालावर मूळ देश छापणं भाग पडलं, म्हणून "जर्मनी" असा ठसा असलेला चाकू साधारण त्यानंतरचा. "इंग्लंड" हा शब्द अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर सर्रास दिसू लागतो. पातं न गंजणाऱ्या पोलादाचं असेल तर ते १९१३ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण शेफील्डच्या हॅरी ब्रियर्लीनं तसं पोलाद त्या साली केलं.

लोहचुंबकाची परीक्षा इथं कामाची नाही. चाकूसाठी वापरलं जाणारं स्टेनलेस स्टीलही चुंबकाला चिकटतं.

फारसी किंवा उर्दू आकडे आहेत. साल कसं काढायचं?

आधी तो आकडा हिजरी आहे की फसली, म्हणजे महसुली साल, ते ठरवा. हिजरी सालाला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा. उदाहरणार्थ, १२२४ हिजरी म्हणजे १८०९ च्या आसपास. हैदराबाद संस्थानातलं फसली साल असेल तर ५९० मिळवा. फसली १३१० म्हणजे १९००. ज्यांच्या घरी निजामाच्या काळचे शेतीचे कागद आहेत त्यांना फसली नवीन नाही. सरकारी मालाच्या वस्तूंवर, कोठारातल्या सुऱ्यांवर, वजनांवर फसली असण्याचा संभव जास्त. देवनागरीत शके असेल तर ७८ मिळवा, म्हणजे शके १७१७ हे १७९५, खर्ड्याच्या लढाईचं साल. आणि नेमकं तेच साल एखाद्या पात्यावर अगदी स्वच्छ, ठसठशीत कोरलेलं दिसलं तर जरा थांबा. प्रसिद्ध सालं विकण्यासाठी कोरली जातात.

पात्यावर बारीक आडव्या-तिरक्या रेघा आहेत, जणू जाळी. नक्षी आहे का?

बहुधा ती जुनी कानस आहे. कानशीचं पोलाद उत्तम असतं, म्हणून घिसाडी आणि गावचे लोहार जुन्या कानशी तापवून त्यांच्या सुऱ्या करत. दात पूर्ण बुजत नाहीत. तशीच मोडक्या तलवारीची सुरी होते. पातं अनपेक्षितपणे चांगलं, मूठ बाभळीची ओबडधोबड आणि पात्यावरची खोबण मध्येच तुटल्यासारखी थांबलेली असेल तर ती पूर्वी तलवार होती. अशी दोन जन्मांची वस्तू मला फार मोलाची वाटते. तलवारीचा विळा कोणत्या वर्षी झाला हे कळलं तर त्या गावाचा इतिहास कळला.

ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा कोयता मात्र कितीही गंजलेला दिसला तरी मोटारींच्या आधीचा नाही.

मूठ हस्तिदंती आहे का, उंटाच्या हाडाची?

भिंग घ्या. हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या जागा. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दिसतात. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर मानू नका, वस्तूला कायमचा डाग पडतो. आणि हस्तिदंत निघाला तर विक्रीचा विचार सोडा, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचा व्यापार बंद आहे.

सुरी देवघरात आहे, खंडेनवमीला पूजा होते, शेंदराचा थर आहे. तपासण्यासाठी तो काढू का?

नका काढू. ती तुमच्या घरचं दैवत आहे, माझ्या कुतूहलासाठी तिला उघडं करायची गरज नाही. पाठ, मूठ आणि वजन यांवरून पुष्कळ कळतं. नांदेडच्या एका घरातली कृपाण मी तशीच, हात न लावता, फक्त बघून ओळखली होती.

घरात ठेवणं कायद्यात बसतं का? गढीत सापडली तर कळवावं लागतं का?

जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्या कायद्यातली किमतीची मर्यादा अवघी दहा रुपये आहे, त्यामुळे "एवढ्याशा सुरीला काय" असं म्हणू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या येतात, पण घरकाम, शेती आणि उद्योगासाठी घडवलेल्या त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणजे हत्यार की अवजार हा प्रश्न फक्त हौसेचा नाही. हत्यार असेल तर पोलीस ठाण्यात विचारून घ्या, आणि पिशवीत घालून एसटीनं मला दाखवायला आणू नका. फोटो आधी.

गंज वाढू नये म्हणून काय करू?

काळपट, घट्ट बसलेला थर राहू द्या, तो पात्याचं रक्षण करतो. नारिंगी, भुकटीसारखा गंज तेवढा मऊ ब्रश आणि थोड्या केरोसिननं हलकेच काढा. पुसून कोरडं करा, मशीन ऑइलचा पातळ हात फिरवा. गोडं तेल नको, ते चिकट होतं. चामड्याच्या म्यानात सुरी कायमची ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. म्यान वेगळं, सुरी वेगळी, दोन्ही सुती कापडात.

किंमत किती येईल?

मी किंमत सांगत नाही.

प्रत्यक्ष दाखवायची तर कुणाला?

संभाजीनगरच्या महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी हत्यारं बघता येतात. तुमच्या वस्तूशी ताडून बघायला तिथं एक दुपार घालवा. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातला शस्त्रांचा विभाग निजामी वळणाच्या मुठी ओळखायला फार उपयोगी. घरगुती सुऱ्या, अडकित्ते यांसाठी पुण्याचं केळकर संग्रहालय. वस्तू अतिप्राचीन वाटत असेल, तेर, पैठण किंवा भोकरदनच्या टेकाडातली, तर पुरातत्त्व विभागालाच कळवा. मात्र सातवाहनांच्या काळचं लोखंड दोन हजार वर्षांनी बहुतेक गंजाचा गोळाच उरतं. चकाकणारं पातं त्या काळचं म्हणून कुणी दाखवलं तर विश्वास ठेवू नका.

गावातल्या शिकलगारालाही विचारा. हयात धार लावण्यात गेलेला म्हातारा माणूस पात्यावर नख फिरवून जे सांगतो ते मला भिंगातून दिसत नाही.

आजोबा म्हणायचे, ही असईच्या लढाईतली. किंवा, ही रझाकाराच्या वेळची. मानू का?

ऐका, लिहून घ्या, आणि वस्तूवर जे दिसतं त्याच्या शेजारी ठेवा. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ला भोकरदनजवळच झाली, त्यामुळे त्या भागात हे अशक्य मुळीच नाही. पण पात्यावर "शेफील्ड, इंग्लंड" असेल तर गोष्ट दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूची होती आणि ती या सुरीला येऊन चिकटली. १९४८ च्या सप्टेंबरात, पोलीस कारवाईच्या आगेमागे, हत्यारं आडात टाकल्याचं, भिंतीत चिणल्याचं अनेक घरांत सांगतात. अशा जागी सापडलेल्या सुरीबद्दल घरची आठवण मला कोणत्याही छापाइतकी महत्त्वाची वाटते. आज्जीला आजच विचारा, दिवाळीला विचारू म्हणून ठेवू नका.

विचारून झालं की एक चिठ्ठी लिहा. पेन्सिलनं, कारण ओल आली की शाई पसरते. कुठं सापडली, कुणी काय सांगितलं, कोणत्या दिवशी लिहिलं. ऐकलेलं वेगळं, बघितलेलं वेगळं. त्या जालन्याकडच्या वहिनींनी लिहिलेली चिठ्ठी चार ओळींची आहे: "देवळीच्या वरच्या फळीत, दौतीजवळ सापडली. सासूबाई विषाची सुरी म्हणत. त्यांच्या सासूबाईही तसंच म्हणत. बोरू कापायची आहे."